काढ्याच्या नावाखाली

डिसेंबरातला रविवार होता. मंगळवारी लोअर परळच्या आमच्या ऑफिसात नाताळची पार्टी होती आणि प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं ठरलं होतं. मी उत्साहाच्या भरात सांगून बसले, "मी मल्ड वाइन आणते." म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाइन. एकदा मैत्रिणीकडे प्यायले होते, सोपी वाटली होती. आपण चिंचपोकळीच्या चाळीत, दोन खोल्यांत, आईबरोबर राहतो हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही.

वाइन मी लॅपटॉपच्या बॅगेतून घरी आणली. आई दुपारी लालबागला बाजारात गेली की उरकून टाकायचं, असा बेत होता. पण ती पिशवी शोधत रेंगाळली आणि मी मसाल्याच्या डब्यातून लवंगा काढताना तिने बघितलं.

"काय करतेस गं?"

"काढा. ऑफिसात सगळ्यांना सर्दी झालीय."

ती गेल्यावर वाइन पातेल्यात ओतली. दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, संत्र्याची साल, थोडा गूळ. गॅस अगदी बारीक ठेवला, कारण उकळी आली की बिघडते. कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्याच होत्या. गार झाल्यावर गाळून त्यात भरायची आणि फ्रीजमध्ये मागे सारायची. रंग तसाच, आईला कळलंही नसतं.

वास मात्र झकास सुटला. आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही, त्यामुळे तो थेट गॅलरीत गेला. थोड्याच वेळात शेजारची मालवणी काकी स्टीलचा पेला घेऊन दारात उभी.

"काय गो, काढो झालो? तुझी आवस जिन्यात भेटली, म्हणाली चेडू काढो करता. माका वायच दी. खोकून खोकून छाती दुखता."

"अजून व्हायचाय, काकी."

"होऊ दी. मी बसतंय." आणि ती उंबऱ्यातच बसली.

मी उगाच पळीने ढवळत राहिले. शेवटी तीच उठली, माझ्या हातातली पळी घेऊन तिने पेला भरला आणि फुंकर मारत ओठाला लावायला गेली. मी तिचा हात धरला.

"काकी, नको. वाइन आहे ती."

"म्हणजे दारू?"

मी मान डोलावली. तिने पेला ओट्यावर ठेवला, पदराला हात पुसला आणि वळली. दारात आई उभी होती, भाजीची पिशवी घेऊन. कधी आली होती कोण जाणे. काकी तिच्या बाजूने निघून गेली.

माझे वडील दारू प्यायचे. गिरणी बंद पडल्यावर फारच. जिन्यात पडलेले असले की एका बाजूने आई आणि दुसऱ्या बाजूने ही काकी त्यांना धरून वर आणायच्या. त्यांची घाण काकीने स्वतःच्या हातांनी पुसलीय. मी तेव्हा शाळेत होते, पांघरुणात तोंड लपवून झोपेचं सोंग करायचे.

आईने गॅस बंद केला.

"तुझे बाबा औषध म्हणायचे," ती म्हणाली. "खोकल्याच्या बाटलीत भरून ठेवायचे." मग भाजी निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "तू मोठी आहेस. प्यायची तर पी. पण मला काढा म्हणालीस."

मी रडले असते तर बरं झालं असतं. मी वाइन गाळत बसले. गडबडीत साल फार वेळ आत राहिली होती, त्यामुळे वाइन कडवट झाली. सरबताच्या बाटल्यांना हात लावायचं धाडस झालं नाही. वाइनच्याच बाटल्यांत परत भरून फ्रीजमध्ये समोर ठेवली. पार्टीत लोकांनी एकेक घोट घेऊन "वेगळीच आहे" म्हटलं. मी प्यायले नाही.

त्या आठवड्यात रोज भिंतीपलीकडून काकीचा खोकला ऐकू यायचा. गॅलरीत समोरासमोर आलो की मी मोबाइल काढायचे. शनिवारी सकाळी आलं, तुळस, गवती चहा घालून खरा काढा केला आणि तिच्या दारात गेले.

"काकी, काढा आणलाय."

तिने पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आधी तू पी."

ती रागावलेली नव्हती. नुसतं सांगितलं तिने. मी तिच्यासमोर उभी राहून घोट घेतला. गरम होता, जीभ पोळली. मग तिने पेला घेतला, बसून सावकाश सगळा प्यायला आणि म्हणाली, "आलां कमी पडलां."

मी हो म्हटलं. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून पेला विसळायच्या निमित्ताने आत मोरीकडे गेले.