टाकीत वास येईनासा झाला तेव्हा

मंडळी, आजच घडलेलं लिहिते.

माझा लहान भाऊ योगेश आमच्या खानदेशातल्या रनाळ्याहून गुजरातला जहाजदुरुस्तीच्या कामावर गेलाय. दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. जहाजाचा जुना रंग आता पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढतात, पण आतल्या टाकीच्या कोपऱ्यांत उग्र वासाचं रसायन लावावं लागतं. टाकीत, तोंडाजवळच बसून तो कौतुकाने दाखवत होता. रंग पापडासारखा फुगून लोखंडावरून सुटत होता.

"तुन्हा मास्क कोठे शे?" मी विचारलं.

"गयामा शे, ताई. आते वास येतच नही," गळ्यात लोंबणारा मास्क दाखवत तो हसला. "डोकं तेवढं जड व्हई ऱ्हायनं."

बोलताना त्याची जीभ अडखळत होती. मी ओरडले, "पहिले बाहेर निंघ!"

तो बाहेर आला. सोबतचा कैलास अजून खालीच होता. योगेशने वाकून दोनदा हाक मारली. आतून उत्तर आलं नाही, आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी योगेशकडून कळलं, कैलासला बाहेर काढलं, पण तो अजून शुद्धीवर नाही. त्याच्या जागी उद्या ठेकेदाराने योगेशला उतरायला सांगितलंय, आणि तो जाईन म्हणतोय.

तुमच्या घरचं कुणी अशा कामावर असेल तर सांगा, मी त्याला कसं अडवू?