किरगिझस्तान कुठं आहे
परवा जळगाव जामोदच्या बाजारात दुकानदाराने अक्रोड फोडून हातावर ठेवला आणि त्या तुरट वासासरशी मला उंद्री गावातल्या आमच्या घरासमोर अंथरलेल्या सतरंज्या आठवल्या. धाकटा भाऊ डॉक्टरकी शिकायला किरगिझस्तानला गेला होता. तिथेच बर्फावरून गाडी घसरली आणि तो गेला. त्याला घेऊन नागपूरहून अँब्युलन्स निघाल्याचा फोन येऊन गेला होता, अंगणात हिवाळ्याचं ऊन होतं, वाळत घातलेल्या मिरच्या कुणी उचलल्याच नव्हत्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठीसा हाय वं तो देश?" माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वर्गात धडा म्हणावा तशी मी सांगत गेले, की तो चीनला लागून आहे, सगळा डोंगराळ आहे, तिथं अक्रोडाची जंगलं आहेत, लोक घोडीचं दूध आंबवून पितात, रोटी कधी पालथी ठेवत नाहीत, आणि एक भलं मोठं तळं भर थंडीतही गोठत नाही. हे सगळं त्यानेच मला फोनवर सांगितलेलं. बाया माना हलवत ऐकत होत्या. भिंतीला टेकलेल्या आईने मध्येच विचारलं, "लय थंडी हाय मंग तिथं. त्यानं स्वेटर घातलं असन ना?" मला माहीत नव्हतं. "हाव, घातलं होतं," मी म्हटलं. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि सगळे उठले. बरीच वर्षं झाली. त्या देशाविषयी मी त्यानंतर नवं काहीच वाचलेलं नाही.