खांब काढल्यावर

उस्मानभाई गेल्याची बातमी मला जळगाव जामोदच्या मोटार स्टँडवर कळली. मी आता लेकाकडे इथंच राहतो. पिंपळगाव राजाचा एक ओळखीचा माणूस गाडीतून उतरला आणि पान चघळत म्हणाला, "मिस्तरी, तुमचे डफवाले गेले ना. दहा दिवस झाले." दहा दिवस... आणि मला कोणी कळवलं नाही. आधी रागच आला. रडू मागून आलं. मी तिसरीतून पाटी सोडली ती सुतारकीचा वासला धरायलाच, तेव्हा लिहिण्यात चूक होईल. पण ही गोष्ट आता माझ्याशिवाय कोणाला पुरती ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतासंगं नागपुरातून चालायचा, तेव्हाची गोष्ट. मी पंचविशीतला, पिंपळगावात बैलगाड्या करायचो. माझ्या चाकाचा आरा कधी निखळला नाही, हे आजही छाती काढून सांगतो. एक दिवस मिशनच्या शाळेतले मास्तर वाळवीनं खाल्लेली गिटार घेऊन आले. खुंट्या, तारा आणि मानेवरच्या पितळी पट्ट्या तेवढ्या शाबूत, बाकी भुसा. नाताळच्या प्रार्थनेला त्यांना ती वाजती हवी होती. खामगावच्या सुतारानं त्यांना सांगितलं होतं, हे साहेब लोकांचं काम, आपल्याकडं होत नाही. गिटार मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो, पण ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. भरबाजारात, लोहाराच्या भट्टीपुढं, चार लोकांत बोलून बसलो, "नाताळाले नवी करून वाजोली नाही, तं हा वासला याच भट्टीत टाकीन अन् लोकायचे ढोरं वळीन."

मान झाली. पोटाच्या गोल कडा काही जमेनात. सागाच्या सात पट्ट्या वाकवल्या, सातही मोडल्या. मग नाइलाजानं उस्मानभाईंच्या दारात गेलो. ते डफाची आणि चाळण्यांची कडी वाकवायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगानं काटकुळे, बोलणं हळू. त्यांनी पट्टी दिवसभर भिजवली, निखाऱ्यावर शेकत शेकत गुडघ्यावर घेतली आणि ती पट्टी मांजरीसारखी वळली. "लाकडाले दमदाटी चालत नाही मिस्तरी," ते म्हणाले, "त्याले इचारा लागते." आठ दिवस मी त्यांच्या ओट्यावर बसून लाकडाला विचारायला शिकलो.

पण तोंडाची, म्हणजे तारांखालची, फळी बसवताना मी त्यांना विचारलं नाही. ते माझं घरचं काम, त्यात डफवाल्याला काय कळतं... जिनिंगच्या यंत्राचं देवदारी खोकं मिळालं होतं. त्याची फळी चांगली जाड ठेवली. तारांच्या ताणानं खचू नये म्हणून आतून सागाचा एक खांब दिला, घराच्या आढ्याखाली देतात तसा. मागची बाजू सरसानं बंद केली आणि बाजारच्या दिवशी भट्टीपुढं नेऊन तार छेडली. ठक्. पाटावर बोट मारल्यासारखा आवाज. लोहारानं भाता थांबवला.

"मिस्तरी, बैल कुठी जुपाचे हिले?"

सगळा बाजार हसला. नाताळाला पाच दिवस होते.

उस्मानभाई हसले नाहीत. त्यांनी गिटार कानाशी धरली, बोटानं टिचकी मारली. "आत काय हाय?"

"खांब."

"काऊन?"

"तोंड खचन ना तारायनं."

"घराले लागते खांब. डफाले लावून पाह्य एखादा. उघड हे."

"माह्या बापानं कधी सांधा उघडला नाही. मी बी उघडत नाही."

"मंग गाडीच हाय हे. जुप बैल."

दोन दिवस मी त्यांच्या दारावरून मान वळवून गेलो. तिसऱ्या दिवशी वासला उचलला, तर तो हाताला जड लागला. गिटार काखेत मारली आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. गरम सुरीनं सरस सोडवू लागलो... माझाच सांधा मी उघडत होतो. खांब काढून त्यांच्याकडं टाकला. "चुलीत घाला." मग फळीवर रंधा मारत राहिलो. उन्हात धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसली, तेव्हा ते म्हणाले, बस. आतून दोन बारीक आडव्या पट्ट्या दिल्या, इतकंच.

नाताळाच्या सकाळी मिशनच्या अंगणात मास्तर एकेक तार चढवू लागले. फळी करकरली. जरा फुगलीही. मी डोळे मिटले. उस्मानभाई कानाशी पुटपुटले, "फुगू दे. ताणल्याबिगर डफ बी बोलत नाही." आणि मास्तरांनी सहाही तारांवरून अंगठा फिरवला. तो आवाज अंगण ओलांडून विहिरीवर गेला. पाणी भरणाऱ्या बाया रहाट सोडून उभ्या राहिल्या. मास्तर म्हणाले, "जुनीपेक्षा मोकळी बोलते हो."

लोहार तिथंच होता. "आता ढोरं कोण वळन?" तो म्हणाला.

"तू ये," मी म्हणालो.

पुढं मी अकरा गिटारी केल्या. लांबलांबचे लोक यायचे, विचारायचे, गुरू कोण? मी सांगायचो, कोणी नाही, आपल्या अकलेनं केली. उस्मानभाई शेजारी असले तर मिशीत हसायचे. कधी खोडून काढलं नाही.

बातमी कळली त्याच आठवड्यात पिंपळगावला गेलो. त्यांच्या लेकीनं चहा दिला. समोरच्या भिंतीवर त्यांचा डफ टांगलेला होता, आणि ज्या खुंटीवर तो होता ती मी ओळखली. बोटभर जाड साग, टोकाला माझ्या वासल्याची तिरपी खूण.

"त्या खुंटीले अब्बांनी कोनाले हात लावू देला नाही," लेक म्हणाली. "म्हनत, मिस्तरीचा खांब हाय, भिंतीत शोभते."

मी उठलो. डफ खाली घेतला आणि खुंटी दोन्ही हातांनी धरून ओढली. हलली नाही. हलणार कशी? करणारा मी होतो, अन् ठोकणारे ते. डफ परत टांगला, त्यावर एक थाप दिली... आणि लेकीला सांगितलं, "गिटारीवाल्या मिस्तरीचा गुरू कोन, असं कोनी इचारलं, तं हे घर दाखवत जाय."