लेथची पूजा

आज खंडेनवमी. कारखान्यातलं लेथ मशीन पुसून मी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शेजारी तोफगोळ्यांची रिकामी कवचं रांगेत उभी होती, सगळी एकसारखी. आमचे खापरपणजोबा लोहार. तलवार घडवून घ्यायला आलेल्याला म्हणे ते आधी विचारायचे, "कुणाशी भांडण काढलंस बाबा?" पुढं तलवारी गेल्या, कारखाने आले, आणि तो प्रश्न वाटेत कुठंतरी पडून गेला. मीही विचारत नाही. घरापासून इतक्या लांब आलेल्या, आठवीतून शाळा सोडलेल्या मला या कारखान्यानं काम दिलं, हे उपकारच. ते काम जाईल याची धास्ती.

दुपारी आईचा फोन आला.

"पूजा केलीस ना? बनवता तरी काय रे तिथं?"

"पाइप."

"चांगलं आहे. कुणाच्या तरी दारात पाणी जाईल."

मी हो म्हणालो.