ढोला उतरवण्याचा मुहूर्त

उत्तरेतल्या लष्कर शहरात दरबारचा ओव्हरसियर म्हणून लागलो तेव्हा माझ्याजवळ अकलेपेक्षा फेट्याचा रुबाब जास्त होता. नाल्यावरचा एका कमानीचा पूल माझ्याकडे होता. दसऱ्याला दरबारची सवारी हत्तींसह त्यावरून जायची होती. त्या वर्षी पाऊस लांबला, चुना वाळेना. पण कमानीला खालून धरणारा लाकडी ढोला कधी उतरवायचा, याचा मुहूर्त भटजींनी काढून ठेवलेला, आणि आमच्या तिथल्या मराठी लोकांत मुहूर्त टाळायची कुणाची छाती नव्हती. कामावर एक म्हातारे मिस्त्री होते, ते म्हणाले, पंधरा दिवस थांबा. दगडांच्या सांध्यातल्या चुन्यात माझं नख रुतत होतं, तरी मी नारळ फोडून हुकूम दिला.

ढोल्याच्या पाचरा काढून माणसं प्रसादासाठी काठावर आली आणि मागे अख्खी कमान नाल्यात बसली. प्रसादाने माणसं वाचली, माझ्या अकलेने नव्हे.

मोठ्या साहेबांनी रिपोर्ट लिहिला की मिस्त्रींनी चुन्यात वाळू जास्त घातली. खाली सही माझी हवी होती. केली तर मिस्त्रींची जन्माची चाकरी जाणार, नाही केली तर माझी. वडील दरबारात कारकून. ते म्हणाले, आपला हात दगडाखाली आहे, मुकाट्याने सही कर. मला त्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण क्षणभर ते मला पटलं होतं.

मी रिपोर्टाखाली लिहिलं, 'चुना चोख होता. मिस्त्रींनी थांबायला सांगितलं होतं. ओल्या कमानीचा ढोला माझ्या हुकुमाने उतरला.'

माझा हुद्दा गेला, मिस्त्री राहिले. पूल पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी वरपर्यंत अर्ज करून मलाच मागून घेतलं. या खेपेला मुहूर्त आला नि गेला, भटजी रुसले, पण चुना दगडासारखा होईपर्यंत मी ढोल्याला हात लावू दिला नाही.

पुढच्या दसऱ्याला पहिला हत्ती पुलाच्या तोंडाशी थांबला. माहूत खाली बघून म्हणाला, "यह तो वही पुल है जो गिरा था."

मिस्त्री गर्दीतून पुढे झाले.

"जिसने गिरने का ज़िम्मा अपने सर लिया, उसी ने बनाया है," ते म्हणाले. "ले आओ हाथी."

हत्तीने पाय टाकला. पाठोपाठ सगळी सवारी वाजतगाजत पार झाली, आणि मी भर रस्त्यात मिस्त्रींच्या गळ्यात पडून रडलो.