मेडशीत मी सांगितलेला सरासरी पगार

रोजगाराच्या आणि पगाराच्या आकड्यांवरून राज्याची अर्थव्यवस्था कशी चालली आहे ते सांगायचं, हे माझं पुण्यातलं काम. बसल्या जागी नाडी बघणारी वैदू, असं नवरा चिडवतो. दिवाळीआधी एक तक्ता करताना जाणवलं की राज्याची रेषा झोकात वर चालली आहे, पण तिच्यात वाशिम कुठे आहे ते काही केल्या दिसत नाही. माझी वसतिगृहातली मैत्रीण सुनंदा वाशिम जिल्ह्यात मेडशीला दिलेली, कधीची बोलावते आहे. बॅग भरली.

जायला सोपं आहे. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे वाशिमकडे जाणारी एसटी, बायकांना अर्धं तिकीट. पातूरच्या स्टँडवर आलुबोंडा खा, सोबतची तळलेली मिरची मात्र बेतानं. पातूर सोडलं की घाट आणि जंगल, मग दोन्ही हातांना कापणीला आलेलं सोयाबीन. ऑक्टोबरातलं ऊन इथे चांगलंच भाजतं, टोपी विसरू नका.

मेडशीला सुनंदाचा मुलगा नीलेश मोटारसायकल घेऊन उभा होता. आयटीआय झालेला, चाकणच्या एका कारखान्यात कामाला, एवढं मला ठाऊक होतं. दिवाळीची सुट्टी इतक्या लवकर कशी, असं विचारलं. सुट्टी नव्हतीच. कंत्राटदारानं ब्रेक दिला होता, म्हणजे बिनपगारी घरी बसवलं होतं. काही महिने झाले की देतात, पुन्हा बोलावतील की नाही ते त्यांनाच माहीत. तोवर तो घरच्या वावरात कापलेल्या सोयाबीनचे ढीग, इथल्या भाषेत सुड्या, रचत होता.

जित्याची खोड. गेल्या सात दिवसांत निदान एक तास काम केलंस का, हा सर्वेक्षणातला प्रश्न मी त्याला विचारलाच.

"केलं ना. वावरात."

म्हणजे तू रोजगारात, असं मी हसत सांगितलं. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही आमच्या तक्त्यात काम असलेलाच धरतात.

"मंग बेरोजगार कोन हाय, मावशी?"

जो काम शोधतो आणि ज्याला आठवड्यात तासभरही मिळत नाही, तो. हे बोलताना माझं हसू मावळलं. त्यानं मोटारसायकलला किक मारली.

सुनंदाकडची ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी यांवर वेगळी पोस्ट होईल. जेवताना तिनं सांगितलं की उद्या कामरगावकडून मुलीचे वडील आणि मामा घर पाहायला येणार आहेत. आधीची दोन स्थळं मुलगा शेतीत आहे असं समजून परतली होती. या वेळी कंपनीत नोकरी आहे एवढंच कळवलंय. "हे मोडलं तं पोट्टं खचते, पाह्य," ती म्हणाली. ब्रेकबद्दल मी तोंडात मिठाची गुळणी धरायची होती.

पाहुणे जीपनं आले. पोहे झाले, विहीर पाहून झाली, सोयाबीनच्या भावावरून हळहळून झालं. वडील भिडस्त, सगळं मामाच बोलत होते. सुनंदानं कौतुकानं माझी ओळख करून दिली, पुण्याची मैत्रीण, पगाराच्या आकड्यांचंच काम करते म्हणून. मामा माझ्याकडे वळले.

"ताई, तुमी तं हेच पाह्यता. अशा नोकरीत मानूस किती कमावते?"

सुनंदा ट्रे धरून दारात थबकली. मी सरकारी सर्वेक्षणातली, राज्यातल्या नियमित पगारदारांची सरासरी सांगितली. आकडा बरोबर होता. फक्त 'नियमित' हा शब्द मी उच्चारला नाही. बाराही महिने पगार मिळणारे, त्यांत मोठमोठे साहेबसुद्धा, अशा सगळ्यांची ती सरासरी होती. वावरात सुड्या रचणारा नीलेश तिच्यात कुठेच नव्हता.

"सरकारी आकडा हाय म्हनल्यावर झालं," मामा म्हणाले. वडिलांनी दुसऱ्यांदा चहा मागितला. नीलेश खाली मान घालून बसला होता. बघणाऱ्यांना वाटलं, लाजला.

परतीसाठी जऊळक्याहून रेल्वे बरी पडते. गाडीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, डबा सोबत असू द्या. सोडायला नीलेश आला होता. फलाटावर त्यानं विचारलं, "मावशी, तुमी सांगतला थो पगार भेटते कोनाले?"

सरासरी असते ती, मी म्हणाले, ती अशी कुणा एकाला मिळत नाही. त्यानं मान हलवली आणि गाडी येताच माझी बॅग आत ठेवून दिली.

तर, वाशिमला जावं का? जा. रस्ता चांगला आहे, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी मात्र फार निराश होऊन परतले. ज्या आकड्यांनी राज्य कळतं असं मी लोकांना सांगत आले, त्यांनी मेडशीतलं एक घर कळत नाही. झाकता मात्र येतं. ऑफिसात रेषा अजून वरच चालली आहे आणि ती काढण्याचाच मला पगार मिळतो, बाराही महिने.

लग्न ठरलं. तुझ्या एका शब्दानं जमलं, असं सुनंदा फोनवर रडत रडत म्हणाली. नीलेशला अजून बोलावणं आलेलं नाही. काल एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. मुलीचा होता, पूजाचा. तिनं लिहिलंय, "मावशी, तेवढ्या पगारात पुण्यात दोन खोल्या भेटतीन ना? मले तिथं पुढं शिकायचं हाय."

मी तो वाचला आहे, हे तिला दिसतच असेल. उत्तर अजून लिहिलेलं नाही.