सीट रिकामी होती

आधीच सांगून ठेवते, मी या असल्या गोष्टींतली नाही. आमच्या गावात कुणाला नुसती ठेच लागली तरी लोक म्हसोबाला नारळ बोलतात. मी आधी दगड कुठे होता ते बघते. सासूबाई मला 'लई शहाणी' म्हणतात ते उगीच नाही. तरी हे लिहितेय, कारण जे पाहिलं ते याच डोळ्यांनी पाहिलं... आणि भर दुपारी.

आम्ही सेनगाव तालुक्यातले. शेती थोडी, म्हणून मालकांनी – म्हणजे माझ्या नवऱ्याने – जुन्या ट्रॅक्टरला गवत कापायचं मशीन जोडून घेतलं, लोकांच्या रानात भाड्याने चालवायला. ट्रॅक्टरच्या मागे एक लोखंडी शाफ्ट गरगर फिरतो, त्यावर मशीनची पाती चालतात. शाफ्टवरचं कव्हर फुटलं ते फुटलंच. बॅटरी उतरलेली, त्यामुळे इंजिन एकदा सुरू झालं की काम संपेपर्यंत बंद करायचं नाही हा आमचा कायदा. मी काही बोलले की ठरलेलं उत्तर, "बंद केल्यावर धक्का माराया तुहा भाऊ येणार हाय का?"

इंजिन बंद करायला सीटजवळ एक दांडी आहे, तिला आम्ही 'स्टॉप' म्हणतो. ती ओढल्याशिवाय हे इंजिन थांबत नाही, चावी काढून खिशात घातली तरी. आमचा स्टॉप गंजून जाम झालेला. मालक तो पकडीने धरून, पाय रोवून ओढायचे. माझ्याने तर तो हलतसुद्धा नव्हता.

दसरा नुकताच झाला होता. एका संत्र्याच्या बागेत काम होतं. बागवाले हिंगोलीला गेलेले, आसपास चिटपाखरू नाही. मी पुढे चालत ठिबकच्या नळ्या बाजूला करत होते. कमरेएवढ्या गवतात एक नळी नजरेतून सुटली आणि शाफ्टला गुंडाळली गेली. मालकांनी लिव्हर वर ओढून शाफ्ट थांबवला, इंजिन तसंच धडधडत ठेवलं आणि विळा घेऊन उतरले. मी बांधावरच्या ड्रमकडे पाणी आणायला गेले.

बाटली भरून वळले तर मालक शाफ्टवर वाकलेले, गळ्यातला टॉवेल, म्हणजे आमची दस्ती, खाली लोंबतेय. तो लिव्हर झिजलेला होता, हादऱ्याने कधीकधी आपोआप पडायचा. तो पडला. शाफ्ट फिरला, दस्तीचं टोक त्यात गेलं आणि मालकांचं डोकं खाली ओढलं गेलं.

मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. बाटली तिथंच ड्रमापाशी हातातून पडली. सीट मला समोर स्वच्छ दिसत होती – रिकामी. तिथपर्यंत मी वेळेत पोचणार नाही, एवढंच कळत होतं.

आणि इंजिन बंद झालं.

धावत जाऊन मी विळ्याने दस्ती कापली. गळ्यावर लाल वळ उठलेला, पण मालक श्वास घेत होते. त्यांना झाडाखाली बसवलं आणि मग माझं लक्ष स्टॉपकडे गेलं. पूर्ण बाहेर ओढलेला. पकड मालकांच्या मागच्या खिशात होती.

"तू टायमावर ओढला म्हणून वाचलो," मालक म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "येळेला माणसाला बळ येतंय बघ."

ते अजून गळ्यावरचा वळ चोळत होते. मी म्हटलं, "व्हय."

गावभर माझं कौतुक झालं. सासूबाईंनी साडी घेतली. ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणाला, लोड येऊन इंजिन दबून बंद पडलं असेल. असेल बापा, टॉवेलने ट्रॅक्टर दबत असेल. पण स्टॉप?

मी गप्पच राहिले असते. पण थंडीत नरसीकडच्या एका शेतात मशीन पुन्हा अडकलं आणि मालक उतरले. इंजिन चालू. गळ्यात नवी दस्ती.

"अहो, आधी बंद करा."

"काहून? तू हायेस की. पडला लिव्हर तर स्टॉप ओढशील."

हसत म्हणाले ते. मला राग आला. माझं खोटं या माणसाचा जीव घेणार, हे तेव्हा कळलं.

"त्या दिवशी मी न्हवते," मी म्हटलं.

"काय न्हवतीस?"

"ट्रॅक्टरपाशी. मी ड्रमापाशी व्हते. बाटली तिथंच पडली व्हती, नंतर तुमीच उचलून आणली. आठवा."

त्यांना आठवलं. चेहऱ्यावरून दिसलं मला. त्यांनी सीटकडे बघितलं. मग वर चढले, पकडीने स्टॉप ओढला, दस्ती काढून माझ्या हातात दिली.

"आता धक्का कोण मारंल?" मी विचारलं.

"मारू दोघं," ते म्हणाले.

आता शाफ्टवर कव्हर आहे, लिव्हर नवा आहे, स्टॉप बोटाने ओढला जातो. आणि इंजिन थांबल्याशिवाय मालक खाली उतरत नाहीत. त्या दुपारी तो कुणी ओढला, ते आम्हाला आजही माहीत नाही. सासूबाईंनी घेतलेली साडी मी अजून नेसलेली नाही. ती ज्याच्या वाट्याची आहे, त्याला कशी पोचवायची तेही कळत नाही.